सुलतानच्या पोटातला आवाज

भैरवनाथाच्या यात्रेत, भर घाटात, हौशीराम तात्या वाबळ्यांचा वरचा पुढचा दात पडला. आणि ज्यानं तो पाडला, तो माणूस त्यानंतर शांतपणे आमटी-भाकरी जेवून स्वतःच्या पायांनी घरी गेला.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलंच नाही. गावानं बैठक घेऊन तसं ठरवलं आहे. तात्यांचा दात भाकरीत खडा लागून पडला. हे अंगणवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल, कारण त्यालाही सांगून ठेवलेलं आहे. तेव्हा दाताचं सोडा. मी सांगतोय ती गोष्ट एका आवाजाची आहे.

कट्टर्र... कट्. कट्टर्र... कट्.

"थांबव! थांबव!" तात्या घाटाच्या कडेवरून ओरडले. सायकलवर त्यांचा पुतण्या तेजा होता. त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. तात्या धोतराचा सोगा सावरत खाली आले, सायकलच्या मोटरपाशी उकिडवे बसले आणि बैलाच्या पोटाला लावावा तसा तिला कान लावला.

"सुलतान कण्हतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "सौऱ्या, का कण्हतोय?"

सुलतान म्हणजे ही सायकल. आमच्या जुन्नरच्या बाजूला यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात, एका धावेला बारी. बैलांच्या पुढं घोडी पळवतात आणि मंडपातून माइकवाला 'भिर्रर्र' करतो. त्या वर्षी लंपीची साथ आली, बैलं एकत्र आणायला बंदी झाली आणि घाट रिकामा राहायची वेळ आली. घाट रिकामा राहिला तर देव कोपतो, असं गावाचं म्हणणं. तात्यांचं म्हणणं, देवाचं देव बघंल, मी कोपतो. तात्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते, त्यामुळं त्यांचं कोपणं आधी विचारात घेतलं गेलं. माळशेजच्या एका रिसॉर्टवर त्यांनी शहरातल्या बाया मोटरच्या डोंगरी सायकलवरून चढ चढताना बघितल्या होत्या, तेही गप्पा मारत. त्यांनी तसली एक सायकल विकत आणली. बाकी स्पर्धकांनी रिसॉर्टवरून भाड्यानं आणल्या. बैलांना बंदी होती. सायकलींना लंपी होत नाही.

पण तात्यांना सायकल चालवायची नव्हती, बैल पळवायचा होता. म्हणून बैलाच्या शिंगांना लावतात तसा हँडलच्या दोन्ही टोकांना लाल हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरं बांधली, पाठीवर झूल घातली आणि ती चाकात जाऊ नये म्हणून सेफ्टी पिना लावल्या. सकाळी देवळापुढं पूजा झाली. मोटरवरचं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढून ठेवलं, कारण देवापुढं तोंड झाकून उभं राहत नाहीत. गुलाल उधळला, चाकाखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, झाकण परत बसवलं. मग सरावाची बारी झाली, आणि सुलतान कण्हायला लागला.

मी तेव्हा नारायणगावात एका सायकलच्या दुकानात कामाला होतो. मोटरच्या सायकलींचं शिबिर पुण्याला झालं, तिथून मी थोडी विद्या आणि एक टोपी घेऊन आलो होतो. तात्यांनी मला सुलतानचा डॉक्टर नेमला तो टोपी बघून. विद्या त्यांनी कधी बघितली नाही.

"शोधतो, तात्या," मी म्हणालो.

आवाज शोधायची रीत सोपी असते. एकेक गोष्ट बाजूला करत जायचं. मी तेजाला उतरवलं, मागचं चाक उचललं, मोटर बंद ठेवून पायडल हातानं फिरवलं. शांत. तेजाला बसवलं, चालवायला लावलं. कट्टर्र... कट्.

"माणूस बसल्यावरच वाजतंय," मी म्हणालो. "सीटची नळी कोरडी असंल. ग्रीस लागंल."

"नळी कुणी बसवली?"

"पप्पू वेल्डरनं."

पप्पू वेल्डर माझ्या शेजारीच उभा होता. म्हणजे मी त्याचं नाव घेईपर्यंत उभा होता. नंतर तो दोन-चार पावलं पलीकडं, रिसॉर्टच्या एका सायकलीखाली आडवा होता आणि तात्या तळहात झटकत होते. तात्यांचा हात रुंद होता. लहानपणापासून बैलांच्या पाठीवर थापा मारून तो तसा झाला होता, आणि माणूस व बैल यांत त्यानं कधी फरक केला नाही.

"आरं पण नळी मला तुम्हीच बसव म्हनला!" पप्पू खालून म्हणाला.

"बसव म्हनलो. कोरडी बसव म्हनलो का?"

तेवढ्यात कलाअक्का आल्या. कलाअक्का म्हणजे तात्यांच्या बायको. यात्रेच्या आमटीचं सगळं त्यांच्याकडं असे. घाटाच्या पायथ्याला दगडांच्या चुलीवर माणूस बुडेल एवढी कढई चढलेली होती. त्या ते सोडून आल्या, पप्पूपाशी बसल्या आणि हातातल्या वाटीतली हळद त्याच्या ओठाला लावली. कुणाला काही विचारलं नाही. हळद तेलात कालवून तयारच होती. मला तेव्हा वाटलं, काय चटपटीत बाई आहे.

मी नळीला ग्रीस लावलं. तेजानं बारी मारली. कट्टर्र... कट्.

"उभं राहून मार," मी ओरडलो. तो सीटवरून उठून पायडलवर उभा राहिला. कट्टर्र... कट्. म्हणजे सीटचा संबंध नव्हता. पप्पूचाही नव्हता. पप्पूनं हे ऐकलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी टोपी काढली.

"ब्रेकची डिस्क घासत असंल," मी म्हणालो. "चाकाला मातीबिती लागली असंल."

"चाक कुणी धुतलं?"

मी पान्ह्यांचा डबा चाळायला लागलो. पण तेजा लहान होता, त्याला वाटलं कौतुक व्हायचंय. "मी, तात्या!"

तेजा सख्खा पुतण्या असल्यामुळं त्याला हातानं मारलं नाही, हवेच्या पंपानं मारलं. पंपही घरचाच होता. पहिला फटका सायकलच्या दांड्यावर बसला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला पंपाची मूठ निसटून लांब मंडपात गेली आणि माइकवाल्या बबन घंगाळेच्या पायाशी पडली. बबननं ती उचलली. त्याला शांतता सहन होत नसे, म्हणून त्यानं माइकवर सांगितलं, "अध्यक्षसाहेबांच्या शुभहस्ते आतापर्यंत दोन जनांचा सत्कार झालेला आहे! पुढील सत्कार लवकरच!"

कलाअक्का पुन्हा वाटी घेऊन आल्या. तेजाच्या खांद्याला हळद लावली, गेल्या.

मी डिस्क पुसली, मोकळी केली. तेजा परत बसला. आता सायकल कण्हत होती आणि तेजाही कण्हत होता, त्यामुळं दोघांना वेगळं काढायला मला थोडा वेळ लागला. पण निघालं. कट्टर्र... कट्. शिवाय भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता. आमटीला खोबरं भाजत असतील, असं मनात आलं आणि पोटात भूक उठली.

आता मला एक गोष्ट कळली होती. या सायकलीत भाग कमी आणि माणसं जास्त होती. प्रत्येक नटामागं कुणीतरी उभं होतं, आणि मी बोट दाखवलं की ते उभं राहणार नव्हतं. म्हणून मी असं कारण शोधायला लागलो, ज्याला माणूस चिकटलेला नाही.

"तात्या, हवा दमट आहे."

"मग?"

"दमट हवेत मोटर वाजती कधी कधी."

"काल हवा कशी होती?"

"दमटच."

"तवा वाजली न्हाय." तात्या माझ्याजवळ आले. "सौऱ्या, मी शाळा शिकलो न्हाय. पन दमट मला शिकवू नको."

"मोटर बनवणाऱ्याची चूक असंल. बाहेरच्या देशातली आहे."

"तिथं यष्टी जाती का?"

"न्हाय."

"मग इथली चूक शोध."

माझ्याकडं आता एकच प्रामाणिक शंका उरली होती. मोटर फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट सैल असले की जोर पडल्यावर ती जागेवर हलते आणि कुरकुरते. हे शिबिरात पहिल्याच दिवशी शिकवतात. मी बोललो.

"बोल्ट कुणी आवळले?"

लोक माझ्याकडं बघत होते. पप्पू वेल्डर तर उठून बसला, नीट दिसावं म्हणून.

"मी," मी म्हणालो.

पुढचं मला सलग आठवत नाही. डाव्या कानावर काहीतरी आलं, ते रुंद होतं. मग आकाश दिसलं, मग झूल दिसली, मग तात्यांची वहाण दिसली, ती बरगडीत गेली. बबनचा आवाज लांबून आला: "तिसरा सत्कार! भिर्रर्र!" मग कुणीतरी माझ्या कानामागं हळद लावत होतं. कलाअक्का वाकून हळू म्हणाल्या, "उजव्या कुशीवर झोप घटकाभर. बरगडीला बरं पडतं."

मी उजव्या कुशीवर झोपलो. खरंच बरं पडलं.

उठून बोल्ट तपासले. सगळे घट्ट होते. तेजाची बारी झाली. आता आवाज दोन येत होते. एक मोटरचा आणि एक माझ्या डाव्या कानाचा. सायकल थांबली की त्यातला एक थांबे.

तोपर्यंत कडेच्या गर्दीत कुजबूज सुरू झाली होती. तिघांना मारलं आणि तिघांचीही चूक निघाली नाही, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. "उगा मारतोय हा," असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. तात्यांना हसणं ऐकू आलं. ते तरातरा मंडपात गेले, बबनच्या हातातून माइक घेतला आणि देवळाच्या शिखराकडं तोंड करून उभे राहिले.

"ऐका रं! ह्यो हौशीराम वाबळे उगा कुनावर हात टाकत न्हाय. चूक ज्याची, मार त्याला. माझ्या पोटचा असला तरी त्याला. आन् मी जर चूक नसताना कुनाला एक जरी मारली आसंल, तर त्यानं यावं आन् मला मारावं! नाथाची शपथ! मी हू का चू करनार न्हाय!"

भोंगे आजूबाजूच्या वाड्यांपर्यंत लावलेले होते. शपथ सगळ्या यात्रेनं ऐकली. पाळण्यात बसलेल्यांनी तर वरून ऐकली आणि खालून पुन्हा ऐकली.

मग तात्या खाली आले. त्यांची नजर सुलतानच्या गळ्यातल्या घुंगरांवर थांबली.

"घुंगरू," ते म्हणाले. "घुंगरू निसटून मोटरीत गेलंय."

घुंगरं कुणी आणली ते मला माहीत होतं. घुंगरं माझ्या दाजींनी आणली होती. लहूदाजी नारायणगावच्या एका तमाशात ढोलकी वाजवत. नाचणारणींच्या जुन्या चाळांतली घुंगरं काढून त्यांनी सुलतानला हार करून दिला होता, हौसेनं. ते तिथंच बसले होते, मांडीवर ढोलकी घेऊन. बारीला वाजवायला त्यांना बोलावलं होतं.

"लव्ह्या, हिकडं ये."

दाजी उठले. ढोलकी माझ्याकडं दिली. "मेव्हनं, धरा जरा," म्हणाले, जसं काही लघवीला निघालेत.

"घुंगरू तू बांधलं. आत गेलेलं तूच काढायचं," तात्या म्हणाले. "तेजा, बस. मोटर चालू ठेव. मागचं चाक उचला रं. ह्याचा हात धरा."

"मोटर बंद करून काढतो की, तात्या," दाजी म्हणाले.

"बंद केल्यावर आवाज कुठं येतोय? चालू आसतानाच गावंल."

कमिटीच्या दोघांनी दाजींचा उजवा हात धरला. चेन सुरू झाली. मोटरच्या बाजूला चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते, तिच्यात बोट गेलं तर बोट चकतीबरोबर फिरतं, आणि मोटर असल्यामुळं ती कुणाच्या ओरडण्यानं थांबत नाही. हे शिबिरात दुसऱ्या दिवशी शिकवतात.

दाजींचा तमाशा त्या हातावर चालत होता. माझी बहीण, तिचं घर, दोन पोरींची शाळा, सगळं त्या पाच बोटांवर होतं. दाजी फक्त बोटं आत वळवून मूठ करत होते, आणि धरणारे एकेक बोट सोडवून सरळ करत होते.

"तात्या!" मी ढोलकी खाली ठेवली. "एकदा ऐकू द्या. घुंगरू असंल तर मी सांगतो. मग घाला हात."

"त्यात ऐकायचं काय? मला येतंय की ऐकू, घुंगरूच हाय ते."

"एकदाच, तात्या. नाथाची शपथ."

शपथेचं नाव निघाल्यावर ते थांबले. त्यांचीच शपथ अजून भोंग्यात गरम होती.

मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक मोटरला टेकवलं आणि मूठ उजव्या कानाला लावली, कारण डावा कान तात्यांकडं जमा होता. आतलं ऐकायची ही जुनी रीत. मोटरचं पोट स्वच्छ गुणगुणत होतं. बेअरिंग गोड, गिअर गोड. आवाज आतला नव्हताच. टोक बाहेर चकतीकडं सरकवलं. कट्टर्र... कट्. इथंच. पण घुंगरू पितळेचं असतं, पितळ खणखणतं. हे तसं नव्हतं. हे कोरडं होतं.

आणि परत तो वास आला. भाजलेल्या खोबऱ्याचा. आता तर नाकाशीच.

कलाअक्का दाजींच्या बाजूला उभ्या होत्या. हळदीची वाटी घेऊन. या वेळी त्या आधीच येऊन थांबल्या होत्या.

"अक्का," मी म्हणालो, "आमटीला अजून खोबरं भाजताय का?"

"आत्ता?" त्या म्हणाल्या. "खोबरं पहाटंच भाजून वाटून झालं. आता नुसत्या भाकरी चालल्यात."

मी तेजाला मोटर बंद करायला सांगितलं आणि झाकणाचे स्क्रू काढले. एक हातातून पडला, तो मी शोधला नाही. झाकण निघालं. चकती आणि मोटरच्या मधल्या फटीत, नेमकी चेनच्या ओढीनं घासेल अशी अडकून, करवंटीची एक चीप होती. तिला खोबरं तसंच चिकटलेलं, कडेनं खरपूस, अक्कांनी चुलीवर भाजावं तसं लालसर.

मी ती चिमट्यानं काढली आणि वर धरली. तेजाला म्हणालो, "फिरव." मोटर फिरली. काही नाही. घाटावर एवढी शांतता पडली की चेनचं तेल ऐकू येईल.

बबनला शांतता सहन होत नसे, हे मी सांगितलंच.

"करवंटी सापडली!" भोंगे कडाडले. "सुलतानच्या पोटातून नारळाची करवंटी सापडलेली आहे! आता अध्यक्षसाहेब विचारतील, की नारळ कुणी..."

भोंगे थांबले. बबनला मधेच कळलं.

पण तात्यांना नाही कळलं. सवय मोठी वाईट. त्यांनी बाह्या सारल्या आणि विचारलं, "नारळ कुणी फोडला?"

सगळा गाव सकाळी पूजेला होता. तात्यांनी दगड बाजूला सारला होता, म्हणाले होते, दगडावर कुनीबी फोडतं. मग झाकण काढलेल्या मोटरचा कठीण माथा बघून, 'जय नाथ' म्हणून, दोन्ही हातांनी नारळ तिच्यावर आपटला होता. एका फटक्यात फुटला म्हणून टाळ्याही पडल्या होत्या. मी स्वतः वाजवल्या होत्या.

शेवटी दाजींनी घसा साफ केला. त्यांचा हात अजून दोघांनी धरलेला होता, चेनपासून वीतभर.

"तात्या," ते म्हणाले, "तुम्ही."

तात्यांनी करवंटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग देवळाच्या शिखराकडं बघितलं, आणि मग भोंग्यांकडं, एकेका भोंग्याकडं. मला वाटलं, आता मोटरला मारतील. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शपथ." फार मोठ्यानं नाही. मग दुसरं कुणीतरी. मग कडेकडेनं सगळे, जसं आरतीला होतं तसं.

तात्यांबद्दल एक सांगायला हवं. माणूस खोटा नव्हता. त्यांनी धोतर खोचलं, मंडपापुढच्या दगडावर चढून उभे राहिले, हात मागं बांधले आणि म्हणाले, "या."

पप्पू वेल्डर पहिला गेला. त्यानं तात्यांच्या गालाला नुसता हात लावला आणि पाया पडला. तात्या म्हणाले, "नीट मार. घरी जाऊन मनात ठेवशील." मग त्यानं नीट मारली. तेजानं पंप मागितला, कमिटीनं नाकारला, त्यानं हातानं मारली आणि रडला. मग मी. कानावर मारावी की गालावर, हे ठरवत असताना तात्या म्हणाले, "कान. तुझा कान गेलाय." मी कानावर मारली. माझंच मनगट दुखलं.

मी खाली उतरलो तेव्हा मागं रांग होती.

दर्शनाला लावतात तशी. पप्पूच्या, तेजाच्या, माझ्या मागं दूधवाला होता, सोसायटीचा जुना चेअरमन होता, शाळेतले निवृत्त गुरुजी होते, आणि काठी टेकत आलेला एक म्हातारा होता ज्याचं नावही मला माहीत नव्हतं. कमिटीचा सेक्रेटरी धावत आला. "आरं, आज ज्यांना मारलं त्यांनीच! तुम्ही कशाला?"

"शपथेत आज म्हनलं नव्हतं," दूधवाला म्हणाला.

बबनला विचारलं. बबन माइकवर म्हणाला, "शपथेत 'आज' हा शब्द नव्हता, ही नोंद घ्यावी." तात्यांनी दगडावरूनच मान हलवली. नव्हता.

मग बारीसारखंच सुरू झालं. बबन नाव पुकारे, माणूस पुढं येई, हात फिरे, भिर्रर्र. गुरुजींनी छडी नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. काठीवाल्या म्हाताऱ्यानं मारायच्या आधी कुठल्या साली, कुठल्या बांधावर, हे सविस्तर सांगितलं, तात्या म्हणाले, "आठवतंय." तात्यांचा गाल सुलतानच्या शिंगांसारखा लाल झाला. ओठ फुटला. एकदा ते डगमगले, तेव्हा दोघांनी धरलं आणि पुढच्यानं मारली.

शेवटाला लहूदाजी आले.

"तुला कुठं मारलंय मी?" तात्या म्हणाले. जीभ जड झाली होती. "तुझा हात तर शाबूत हाय."

"माझ्या बापाला मारलं होतं," दाजी म्हणाले. "ह्याच घाटात. हलगी वाजवायला उशीर केला म्हनून."

तात्यांनी घाटाच्या चढाकडं बघून घेतलं. "व्हय," म्हणाले.

दाजींनी हात पुसला, बोटं उघडून-मिटून सैल केली. ती सगळी जागेवर होती. मग एकच मारली. वरून नाही, मनगटातून, थाप देतात तशी. ते तमाशात इतकी वर्षं वाजवतायत, पण एवढी स्वच्छ थाप मी त्यांची पुन्हा ऐकली नाही. दात गुलालात पडला. गाव त्याला भाकरीतला खडा म्हणतं.

रांग संपली, असं सगळ्यांना वाटलं. बबननं माइक तोंडाशी नेला होता.

कलाअक्का वाटी घेऊन पुढं आल्या. लोकांनी वाट दिली. आता हळद लावतील, म्हणून तात्यांनीही गाल पुढं केला. पण त्या दगडाच्या बाजूला गेल्या नाहीत. त्या समोर आल्या; जिथं दाजी उभे होते, मी उभा होतो, सगळे एकेक करून उभे होते, तिथं. आणि थांबल्या.

"तू कशाला?" तात्या म्हणाले.

कलाअक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. मग उन्हाकडं बघितलं. ते मावळतीला झुकलं होतं. मग खाली आमटीच्या कढईकडं.

"माझं आज न्हाय व्हायचं," त्या म्हणाल्या. "मला आख्खा दिस लागंल. उजाडल्यापासून धरला तरी पुरंल का न्हाय, काय म्हाईत."

त्यांनी हळदीची वाटी तात्यांच्या पायाशी दगडावर ठेवली. "लावून घ्या तुमचं तुम्ही," म्हणाल्या. "मोहरीच्या तेलातली नका वापरू कधी, आग होती. करंजाच्या तेलात कालवायची." आणि भाकऱ्या करपतील म्हणून निघून गेल्या.

मी बरगडीवर हात ठेवून उभा होतो. उजव्या कुशीवर झोपल्यावर बरगडीला बरं पडतं, हे त्यांना कुणी सांगितलं असेल, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

बबननं माइक खाली ठेवला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा.

बारी झाली, कारण बारी होतेच. सुलतान इतका मुका पळाला की पुढं धावणाऱ्या घोडीला मागं कुणी आहे असं वाटलंच नाही. ती अर्ध्या घाटात थांबून गवत खायला लागली, आणि तेजा तिच्यावर जाऊन आदळला. पहिल्या नंबराचा 'घाटाचा राजा' हा मान भाड्याच्या एका सायकलीला गेला. मग बैठक झाली आणि यातलं काहीच घडलं नाही असं ठरलं.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. डाव्या कानानं मला कमी येतं, पण मोटरीचं उजव्यानंही ऐकू येतं. तात्या कवळी लावतात आणि कमिटीचे अध्यक्ष अजूनही तेच आहेत. दर यात्रेच्या आधी मी एक अर्ज देतो. पोच मिळते. अर्ज असा:

प्रति, मा. अध्यक्ष, भैरवनाथ यात्रा कमिटी. महोदय, विनंती की, पालखी, बाऱ्या व महाप्रसाद यांबरोबरच चालू वर्षीच्या यात्रेच्या कार्यक्रमात सौ. कलावती हौशीराम वाबळे यांच्यासाठी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक स्वतंत्र दिवस राखून ठेवण्यात यावा. सदर दिवशी मंडपापुढील दगड मोकळा ठेवावा, रांग लावू नये, भोंगे चालू ठेवावेत. हळद अध्यक्षांनी स्वतः आणावी, करंजाच्या तेलात. एक दिवस अपुरा पडल्यास मुदतवाढ मिळावी. कळावे.